सोलापूर ते सोल, व्हाया व्हॉट्सॲप

गेले काही दिवस सोलापूरच्या निम्म्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कुठल्याही शाखेची पदवी चालेल, १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण) करा किंवा इंग्लंडमधून वर्षभरात त्याच विषयात एम.ए. टेसॉल होऊन या. कोरिया, चीन, आखातात परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी पक्की. पगार महिना तीन लाख, राहणं फुकट, अनुभवाची अट नाही. भारत इंग्रजी भाषिक देश असल्याने आपल्या पासपोर्टला आता प्राधान्य. आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे तो बदलून मिळतो. परत यावंसं वाटलं तर इथे प्राध्यापकी तयारच. आणि शेवटी, ‘आपल्या डिसले गुरुजींना सात कोटी मिळाले, मग तुम्ही मागे का?’

मी इंग्रजीच शिकवतो, त्यामुळे ‘सर, खरंय का हे?’ म्हणून हा मेसेज मला बऱ्याच जणांनी पाठवला. मी सोडून दिला. पण परवा जुळे सोलापुरातून ताईचा फोन आला. भाचीचं बी.ए. नुकतंच झालंय आणि दाजींनी मेसेजवाल्या एजंटकडे पहिला हप्ता भरायचं नक्की केलंय. पुढच्या पैशांसाठी पाटल्या मोडायच्या की गहाण टाकायच्या, एवढंच काय ते ठरायचं होतं. आता बोलणं भाग आहे.

आधी पासपोर्टचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. कोरियातल्या सरकारी शाळांसाठी परदेशी इंग्रजी शिक्षक घेणारा ‘एपिक’ नावाचा कार्यक्रम आहे. त्याच्या पात्रतेच्या अटी कुणालाही वाचता येतात. तिथे देशांची नावंच दिलीत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. सात. संपली यादी. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसाही मुळात याच सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुम्ही बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलात, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघता, तरी या यादीत तुम्ही बसत नाही. घरी आफ्रिकान्स बोलणारा जोहान्सबर्गचा माणूस बसतो. हा अन्याय आहे का? आहेच. आपल्याच काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू अमेरिकेत बसून १९८५ सालीच सांगत होते की इंग्रजी ही काही दोन-चार देशांची मक्तेदारी नाही, भारतासारख्या देशांचं इंग्रजी हेही इंग्रजीच. भाषाशास्त्राच्या वर्गांत ते मान्य झालं. व्हिसाच्या खिडकीवर अजून झालेलं नाही आणि अर्ज खिडकीवर द्यायचा असतो.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. मेसेजवाल्याने कुठेतरी अर्धवट ऐकलंय, अगदीच हवेतून काढलेलं नाही. भारत आणि कोरियात ‘सेपा’ नावाचा व्यापार करार आहे, १ जानेवारी २०१० पासून लागू. त्यात भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जायला एक फट ठेवलेली आहे. पण तिथे पदवीसोबत इंग्रजी शिकवण्याची शिक्षकाची अधिकृत पात्रता मागतात. म्हणजे आपल्याकडे जो आडवाटेचा, कंटाळवाणा समजला जातो तो बी.एड.चाच रस्ता. मेसेजमध्ये बी.एड. हा शब्द औषधालाही नाही. आणि फट आहे म्हणजे प्राधान्य आहे असं होत नाही हो.

चीनचं थोडक्यात उरकतो. तिथेही इंग्रजी शिक्षकासाठी मूळ इंग्रजी भाषिक देशाचं नागरिकत्व बघतात. शिवाय जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळेबाहेरच्या खाजगी क्लासेसवर असा बडगा उगारला की परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा धंदाच बसला. मेसेज त्याच्या आधीच्या काळातला दिसतो.

आता तो १२० तासांचा कोर्स. हा १२० आकडा आला कुठून? केंब्रिजचा ‘सेल्टा’ म्हणून कोर्स आहे, जगभर मान्य, आणि त्यात किमान १२० तासांचा संपर्क असतो. पण त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं, खऱ्या विद्यार्थ्यांना, आणि मागच्या बाकावर प्रशिक्षक वही घेऊन बसलेला असतो. तुम्ही किती बोललात, विद्यार्थी किती बोलले, सूचना देताना गोंधळ झाला का, फळ्यावर काय लिहिलं, मुलाने चूक केल्यावर तुम्ही लगेच तोडलं की त्याला वाक्य पूर्ण करू दिलं, सगळं टिपून तासानंतर तोंडावर सांगतात. भलेभले इंग्रजीचे पदवीधर तिथे घामाघूम होतात, कारण आपल्याला ‘म्हणजे काय’ हे मराठीत सांगायची सवय. समोर एक थाई, एक अरब आणि एक कोरियन बसला की मराठी संपली, आता सांगा ‘आय हॅव बीन’ आणि ‘आय वेंट’मधला फरक. मेसेजमधल्या कोर्समध्ये व्हिडिओ बघायचे, बरोबर पर्यायावर टिचकी मारायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. एकही विद्यार्थी नाही. सेल्टाचा आकडा तेवढा उचलला, सहा तास मात्र गाळले.

खरं तर या बाबतीत सोलापूरच्या शिक्षकाकडे मोठं भांडवल आहे. पूर्व भागातल्या शाळेत घरी तेलुगू बोलणारं पोर, शेजारी कन्नड बोलणारी, पलीकडे उर्दू, आणि शिक्षक मराठी. अशा वर्गात चार-पाच वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंना परदेशी विद्यार्थी फारसे परके वाटणार नाहीत. पण मेसेज म्हणतो अनुभवाची अट नाही.

एम.ए. टेसॉल ही पदवी मात्र बोगस नाही, उगाच तिला नावं ठेवणार नाही. विषय दमदार आहे. आपल्या एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत केलेला, व्याकरणाऐवजी मुलांना कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा बंगळूर प्रकल्प या क्षेत्रात जगभर अभ्यासला जातो. फक्त ही पदवी आधीच शिकवत असलेल्या माणसाला वर नेते, नवख्याला दारातून आत घेत नाही. सौदी, ओमानमधली विद्यापीठं पदवीआधीच्या पायाभूत वर्षाला इंग्रजी शिकवायला माणसं घेतात, त्यांत भारतीयही असतात. जाहिरातीत पदव्युत्तर पदवीच्या शेजारी अनुभवाची वर्षं लिहिलेली असतात, तेवढीच ओळ मेसेजने खाल्ली. इंग्लंडला जाऊन केली तर फी आणि राहणं मिळून तीस लाखांच्या आसपास सहज जातात, आणि ती घेऊन तिथल्या सरकारी शाळेत शिक्षक होता येत नाही, कारण तिथला शिक्षकाचा दर्जा, ‘क्यूटीएस’, हे वेगळंच प्रकरण आहे.

इथल्या प्राध्यापकीबद्दल काय बोलायचं? पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, वर नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. एवढं सगळं असलेली माणसं आज तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात पळतायत. शाळेत शिकवायचं तर बी.एड., टेट परीक्षा, सरकारी शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. टेसॉलने यातलं काहीही टळत नाही.

डिसले गुरुजींना यात ओढलं याचा मला सगळ्यात जास्त राग आला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलींच्या शिक्षणासाठी खपले, आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. यात परदेशी नोकरी कुठे आहे आणि टेफल कुठे आहे?

टुरिस्ट व्हिसाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करणं हा गुन्हा आहे. थायलंडला शिकवायचं तर कामाचा व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेची मान्यता, तिन्ही लागतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता: थायलंडमधल्या चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये ओढून नेऊन डांबलं जातंय. ती पोरं आयटीची होती, पण आमिष तेच आणि रस्ता तोच. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि ती यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट साइटवर आहे.

भाचीला खरंच परदेशी लोकांना इंग्रजी शिकवायचं असेल तर इथून हुसेनसागर एक्सप्रेसने सरळ हैदराबादला जावं. १९५८ साली सुरू झालेली संस्था आज ‘इफ्लू’ नावाचं, इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर कोर्स तिथे आहेत, वर्षाची फी लंडनच्या एका महिन्याच्या घरभाड्याइतकीही नाही, आणि भारत सरकारच्या खर्चाने परदेशी लोक तिथे इंग्रजी शिकायला येतात. तीन लाख पगाराची हमी मात्र तिथे कुणी देणार नाही.

दाजींना मी तीन प्रश्न लिहून दिले: नोकरी देणाऱ्या शाळेचं नाव काय, एजंटचा ईमायग्रेटचा नंबर काय, व्हिसा कुठल्या प्रकारचा. त्यांनी काल फोन लावून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “शाळेचं नाव सीट बुक झाल्यावर कळतं साहेब. आज भरलं तर दहा टक्के डिस्काउंट आहे.”