गाठ बांधतो तो डावा हात: जालन्याच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती. पण हातात सुईदोरा घेऊन तुमचं म्हणणं ताडून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून चार दिवस गेले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भरतकामातल्या गाठीच्या टाक्यांवरच्या लेखात मी म्हटलं होतं की फ्रेंच नॉट (सुईवर एक-दोन वेढे घेऊन घालायची दाण्यासारखी गाठ) आणि बुलियन (बऱ्याच वेढ्यांची लांबट गाठ) शिकताना पहिला महिनाभर एकही फूल काढू नका, नुसत्या गाठी घाला. त्यावर ताईंनी लिहिलं, "हे म्हणजे पोरीला महिनाभर पीठ मळायला लावायचं आणि भाकरी थापूच द्यायची नाही. माझ्या शिवणवर्गातल्या मुली व्हिडिओ बघून एका संध्याकाळी गाठ शिकतात. ज्यांना नाही जमत त्या आठाच्या आकड्याची गाठ घालतात, नाहीतर सरळ मणी लावतात. लमाण बायकांना कुणी नियम शिकवले होते?"

भाकरीचं उदाहरण मला लागलं, कारण ते बरोबर आहे. मी 'महिना' लिहिला तो माझ्यावरून. मी शिकले तेव्हा घरात आजारपण होतं, दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं हाताला लागायची, त्या हिशोबाने महिना लागला. तो आकडा सगळ्यांच्या गळ्यात बांधायला नको होता. जिला दुपारचे दोन तास मोकळे मिळतात तिला चार-पाच दिवस पुरतात. पहिल्याच दिवशी पन्नास गाठी घातल्यावर तिने सुट्या साखळीचं एक फूल काढून त्याच्या मधोमध गाठ बसवली, तर बिघडत काहीच नाही. उलट ती दुसऱ्या दिवशी आपणहून कापड ताणून धरायची रिंग हातात घेते. लेखातलं ते वाक्य मी बदलते आहे.

पण त्या आधीच्या पन्नास गाठी मी सोडणार नाही.

व्हिडिओत दिसतो तो उजवा हात. कॅमेरा सुईच्या टोकावर रोखलेला असतो: सुई वर आली, दोऱ्याचे दोन वेढे पडले, सुई शेजारी खाली गेली. हा क्रम एका संध्याकाळी येतोच, तुमच्या मुलींना आला असणारच. गाठ मात्र डावा हात बांधतो (डावखुऱ्या मुलींनी उलट समजून घ्यावं). कापडातून वर आलेला दोरा डावा अंगठा आणि तर्जनी दोन-तीन बोटं अंतरावर धरतात. तोच हात सुईवर वेढे घालतो. सुईचं टोक कापडात टेकलं की वेढे ओढून कापडापर्यंत खाली आणतो, आणि सुई पलीकडे निघेपर्यंत दोरा ताणलेला ठेवतो. जास्त ताणला तर वेढे सुईला आवळतात आणि सुई नेढ्याशी अडते. कमी ताणला तर वर सैल फास उभा राहतो आणि पहिल्यांदा अंगात घालतानाच बांगडीत अडकतो. फुलवात वळताना कापूस चिमटीत जितका धरतो, साधारण तितकंच बळ इथे लागतं. हे बळ बघून येत नाही.

मला मावशीने शिकवलं. आमच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी आतली खोली गार असायची, दाराशी उजेडाला आम्ही बसायचो. ती माझ्यामागे बसून हात पुढे आणायची आणि माझा डावा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरायची. मी उजव्या हाताने दोरा खालून ओढायची, तो वर सळसळत कमी होत जायचा, आणि ती कानाशी म्हणायची, "आत्ता नको... आत्ता नको... सोड." शेवटचा बोटभर दोरा उरला की 'सोड'. त्याआधी अंगठा उचलला की दोरा पीळ खाऊन भलतीकडेच गाठ मारून बसतो. हे तिने मला किती वेळा करायला लावलं ते आठवत नाही, पण एका दुपारी तिने बोटं काढून घेतली आणि मला ते कळलंच नाही. पन्नास गाठी मी मागते त्या एवढ्यासाठी.

एका संध्याकाळच्या शिकण्यात आणखी एक गोष्ट निसटते, कारण तिची फळं उशिरा येतात. सुई जिथून वर आली त्याच भोकात परत घातली तर गाठीला बसायला कापडच राहत नाही. कापडाचे एक-दोन धागे सोडूनच खाली जायला हवं. भाचीच्या बारशाला मी मलमलीचं झबलं केलं होतं, फुलांच्या पोटात पिवळ्या गाठी. रिंगवर असताना सगळ्या गाठी नीट बसलेल्या दिसत होत्या. तिसऱ्या धुण्यानंतर बहिणीने झबलं दाखवलं तर अर्ध्याअधिक गाठी मागच्या बाजूला उतरलेल्या, आणि फुलांच्या मधोमध नुसती छिद्रं. मलमलीची वीण विरळ, त्यात मी त्याच भोकातून परत गेलेली. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता विरळ कापड असेल तर मी मागे मलमलीचाच दुसरा पदर लावते. बाळाच्या कपड्याला तो तसाही हवा, नाहीतर गाठींची मागची बाजू बाळाच्या अंगाला टोचते. शिकायला मात्र मांजरपाट घ्यावं किंवा घट्ट विणीची खादी, आणि ते रिंगमध्ये चांगलं ताणून बसवावं.

गाठीच्या आकाराबद्दल तुम्ही काही विचारलं नव्हतं, पण वर्गात कामाला येईल. गाठ मोठी हवी म्हणून मुली वेढे वाढवत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला गाठ कलंडते. वेढे एक किंवा दोनच ठेवावे, वाढवायचे ते पदर. आपल्याकडे मिळणाऱ्या भरतकामाच्या लडीत 8 मीटर दोरा असतो आणि तो 6 पदरी. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत तुकडा तोडायचा, त्याहून लांब दोरा गुंततो. पदर एकेक करून सुटे करायचे आणि हवे तेवढे पुन्हा जुळवायचे, म्हणजे गाठ फुगीर बसते. लखनौच्या चिकनकारीत गाठी धान्यावरून ओळखू येतात: फंदा बाजरीच्या दाण्यासारखा गोल, मुर्री तांदळासारखी लांबट. मी परभणीची, म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना दोन पदरांची ती बाजरी आणि चार पदरांची ती ज्वारी असं सांगते. सहा पदरी गाठीला त्या 'परभणी मोती' म्हणतात. आपल्या कृषी विद्यापीठाच्या त्या ज्वारीच्या वाणाचा टपोरा दाणा त्यांच्या घरच्या कणगीतलाच असतो, त्यामुळे माप सांगावं लागत नाही.

आठाच्या आकड्याची गाठ, म्हणजे कोलोनियल नॉट, हिच्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. ती मी लेखात घ्यायला हवी होती. सुईवर दोरा गोल गुंडाळण्याऐवजी एकदा अलीकडून, एकदा पलीकडून असा आठ पडतो, त्यामुळे ती आपली आपण आवळून राहते आणि नवख्या हातालाही सहसा दगा देत नाही. अमेरिकेत वातीसारख्या जाड सुती दोऱ्याने पांढऱ्यावर पांढरं भरतकाम करायची जुनी पद्धत आहे, त्यात ओळीच्या ओळी याच गाठींच्या असतात. फ्रेंच नॉटपेक्षा ती थोडी उंच बसते आणि माथ्यावर बारीक खळी पडते. ज्या मुलीला फ्रेंच नॉट दोन दिवसांत जमली नाही तिला ही द्या, जरूर द्या. फक्त एक-दोन धागे सोडून खाली जायची अट इथेही तीच.

बुलियनला पर्याय नाही. तिथे मुली अडतात त्यात त्यांच्या हाताचा दोष निम्मा, उरलेला सुईचा. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं अंगापेक्षा रुंद असतं. सात-आठ वेढ्यांतून ते पार करताना वेढे एकमेकांवर चढतात. मिलिनर्स किंवा स्ट्रॉ नावाने मिळणाऱ्या लांब सुईचं नेढं अंगाइतकंच बारीक असतं, ती वेढ्यांतून अलगद निघते. आपल्या बाजारात ती सहज मिळत नाही, मागवून घ्यावी लागते, पण एका पाकिटात पूर्ण वर्गाचं भागतं. ती येईपर्यंत साध्या सुईवर वेढे सैलसर घाला, आणि सुई ओढताना सगळी गुंडाळी डाव्या अंगठ्याखाली झाकून धरा. वेढ्यांची लांबी टाक्याच्या लांबीइतकी झाली की बुलियन सरळ झोपते. दोन-तीन वेढे जास्त घातले की ती वाकते, आणि गुलाबाची पाकळी होते ती या वाकण्यातूनच. वेढे घालताना दोऱ्याचा पीळ उलगडतोय असं दिसलं तर दिशा उलटी करून बघा.

आणि संध्याकाळ नको, ताई. आपल्याकडे मेमध्ये पारा 42-43 वर जातो, दिवस कलल्यावरही बोटांना घाम असतो. घामाने सुई चिकटते, दोरा मळतो, आणि मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सकाळी, खिडकीच्या उजेडाला बसवा. जुन्या बायका सुई केसांतून फिरवून गुळगुळीत करतात, रंगीत कापडावर ते चालतं, पण पांढऱ्यावर तेलाचा डाग उतरतो.

मण्यांबाबत मात्र मी मान्य करणार नाही. मणी वाईट नाही, तो त्याच्या जागी सुंदर दिसतो. पण मणी उजेड परतवतो आणि गाठ उजेड पिते. फुलाच्या पोटात परागकण दिसायला हवेत तिथे चकाकी आली की पाकळ्यांचे रंग मागे पडतात. दोन मोरपंखी आणि एक हिरवा पदर एकत्र करून गाठ घातली तर एकाच दाण्यात दोन रंग दिसतात, मण्याला ते येत नाही. शिवाय गाठींचं कापड जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करता येतं. काचेचा मणी त्यात टिकेलच असं नाही. लांबून कळत नाही, हे खरं. पण उशीचा अभ्रा लांबून कोण बघतं? त्यावर तर गाल टेकतो.

लमाण बायकांबद्दल. आमच्या जिंतूरकडच्या तांड्यांवर फेटिया (घागरा) आणि कांचळीवरचं (चोळीवरचं) काम मी जवळून पाहिलं आहे, आरशांचं, कवड्यांचं. त्यांना नियम कुणी लिहून दिले नाहीत, पण त्या एका संध्याकाळीही शिकल्या नाहीत. मुलगी आईच्या मांडीला मांडी लावून बसते ती लहानपणापासून. आरशाला भोक नसतं. कडेने आडवे-उभे दोरे टाकून त्यांची चौकट करायची आणि त्या चौकटीला टाके घेत आरसा जखडायचा. पहिले चार दोरे सैल पडले तर आरसा गळून पडतो. ते चार दोरे ताणून धरणारा हात कोणता, ते तुम्ही पुढच्या वेळी एखाद्या तांड्यावर गेलात तर नक्की बघा.

तुमच्या वर्गात ज्या मुलीला गाठ जमत नाही म्हणून ती मणी लावते, तिच्यासाठी एक विनंती आहे. उद्या तिच्यासमोर बसण्याऐवजी तिच्या मागे बसा. सुईकडे बघू नका. तिचा डावा अंगठा दोऱ्यावरून कधी उठतो तेवढंच बघा, आणि लवकर उठत असेल तर तो तुमच्या बोटांत धरा. दहा गाठींनंतर काय होतं ते मला कळवा, मी वाट बघते.