गल्लीत गाडी हाणण्याची कला

आमच्या गल्लीत ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घाला, अशी मागणी सुरू झाल्यापासून काही मंडळींचा जीव टांगणीला लागलाय. स्वातंत्र्यावर घाला वगैरे. त्या सगळ्यांसाठी, आणि विशेषतः मंगळवारी सकाळी पांढऱ्या गाडीतून आम्हा बापलेकीला घासून गेलेल्या गृहस्थांसाठी, चार युक्तीच्या गोष्टी लिहायला बसलेय. त्यांच्या आरशाने माझ्या कोपराला जो प्रसाद दिला त्याचा डाग आता निळ्याचा हिरवा होतोय, तेवढ्यात लिहून टाकते.

तर, वेगमर्यादेचा आकडा हा कमीत कमी वेग समजावा.

गल्ली अरुंद असेल तर आणखी जोरात जावं. अडचणीच्या जागेतून माणसाने लवकर बाहेर पडलेलं बरं.

हॉर्न हा ब्रेकला उत्तम पर्याय आहे. ब्रेकचे पॅड झिजतात, हॉर्न झिजत नाही. शिवाय ब्रेक मारला तर त्रास आपल्याला, हॉर्न मारला तर समोरच्याला.

वेळेचं महत्त्व ओळखा. चारशे मीटरची गल्ली ताशी ५० ने गेलात तर साधारण २९ सेकंद लागतात, ३० ने गेलात तर ४८. म्हणजे चक्क १९ सेकंद वाचतात! एवढ्या वेळात माणूस काय काय करू शकतो. पुढच्या सिग्नलला १९ सेकंद जास्त उभा राहू शकतो.

कुणी ब्रेकिंगचं गणित सांगायला लागलं तर 'माझा कंट्रोल आहे' म्हणावं आणि विषय संपवावा. कारण गणित फार चावट आहे. समोर पोर आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही एक सेकंद लागतो. ३० ला असाल तर त्या सेकंदात आठेक मीटर जातात, मग ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक. तेरा-चौदा मीटरवर गाडी उभी. ५० ला असाल तर नुसतं 'अरे!' म्हणेपर्यंतच चौदा मीटर संपलेले असतात. ३० वाला जिथे थांबून, काच खाली करून पोराला रागावत असतो, तिथे तुमचा पाय अजून ब्रेकवर पोचतोय, आणि गाडी पुरत्या ५० नेच चाललीय. वर धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३० पेक्षा ५० ला जवळजवळ पावणेतीन पट. पण तुमचा कंट्रोल आहे ना, मग झालं.

बाहेरच्या शहरांच्या उदाहरणांना भुलू नका. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्येच मोठे रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० केलं, आणि ते लोक अजूनही वेळेवर कामाला जातात म्हणे. स्पेनने २०२१ मध्ये वस्तीतल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांवर देशभर ३० लावलं. हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्ते ३० चे आहेत, आणि २०२५ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत तिथे रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. कंटाळवाणं शहर असणार. आदर्श घ्यायचाच तर वेल्सचा घ्या. २०२३ मध्ये तिथे वस्तीतली मर्यादा ३० मैलांवरून २० मैलांवर आणली, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३२ किलोमीटर, तर साडेचार लाखांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. याला म्हणतात जागरूक नागरिक! नंतर त्या रस्त्यांवरच्या जखमींचे आणि मृतांचे आकडे खाली आले, पण ते काही सही करायला येत नाहीत.

'नुसत्या बोर्डाने काय होतं?' हे वाक्य पाठ करून ठेवा. (हे मात्र खरं आहे. रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत ठेवून कोपऱ्यात ३० चं वर्तुळ टांगलं तर पाय आपोआप खालीच जातो. रस्ता मध्येमध्ये आवळावा लागतो, ओलांडायची जागा उंच करावी लागते, वळणाचा कोपरा टोकदार करावा लागतो.) म्हणून बोर्डाचा विषय निघाला की म्हणावं, बोर्ड नको, गतिरोधक करा. गतिरोधकाचा विषय निघाला की म्हणावं, पाठ दुखते, बोर्ड लावा. दोन्ही अर्ज एकाच सहीने देता येतात. आमच्याकडे एकाने दिलेत.

आणि आता सगळ्यात मोलाचा सल्ला. तो माझा नाही, त्या गृहस्थांचाच आहे.

म्हाताऱ्यांना घरात बसवा.

झालं असं की बाबा नि मी रस्ता ओलांडत होतो. बाबा ७८ चे, हातात काठी. काठीचं रबरी बूड रस्त्याच्या मधोमध निघालं आणि घरंगळत गेलं, म्हणून ते थांबले. दोन सेकंद. तेवढ्यात वळणावरून हे आले. आधी हॉर्न, मग आमच्या आणि उभ्या स्कूटरच्या मधल्या फटीतून गाडी, मग माझं कोपर. पुढे जाऊन थांबले, मला वाटलं लागलं का विचारतायत. काच खाली झाली. 'ओ ताई, आजोबांना घरात बसवा ना! कशाला रस्त्यावर आणता?'

कशाला आणते? कारण डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. कारण ते याच गल्लीत तुझी ही गाडी कारखान्यात तयार व्हायच्या कितीतरी आधीपासून चालतायत. म्हाताऱ्यांनी घरात बसायचं, पोरांनी खाली खेळायचं नाही, बाईने बाबागाडी बाहेर काढायची नाही, कुत्र्याने बांधून घ्यायचं, सायकलवाल्याने भिंतीला चिकटून जायचं, शाळेतल्या पोरांना हाताला धरून पोचवायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर तुला गिअर बदलायचा कंटाळा येऊ नये म्हणून? चारशे मीटर आहेत रे! सगळं जग कडेला उभं करायला निघालायस तू चारशे मीटरसाठी. 'बघून चाला' म्हणे. बाबांना एका डोळ्याने धूसर दिसतं. तुला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, वर समोर हेडलाइट आहेत, बाजूला आरसे आहेत. एक तर माझ्या कोपराइतका जवळ होता. मग बघायचं कुणी?

हे उपरोधिक लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये.

बाबांना कठड्यावर बसवून मी कोपऱ्यापर्यंत आले, पाहिलंस ना तू? सिग्नल लाल होता. तुझी पांढरी गाडी चौथ्या नंबरला उभी होती आणि तू फोन बघत होतास. मी काचेवर टकटक केली तर काच वर घेतलीस. तेव्हा कुठे गेली होती घाई?

बाबा मंगळवारपासून खाली उतरलेले नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नाहीये, मला माहीत आहे. काठीला नवं रबर बसवून आणलंय, काठी दाराशी तशीच उभी आहे.

बोर्ड लागेल तेव्हा लागेल, गतिरोधक होईल तेव्हा होईल. तू उद्या त्या वळणावर पाय उचल. आम्ही सव्वासातला खाली असू, मी त्यांना घेऊन येणार आहे.