कोबोल फेकून दिलं म्हणून सुटका होत नाही

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक दावा सारखा फिरत असतो: कोबोलसारख्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषा मेल्या आहेत, जुन्या सिस्टीमवर काम करताना होणाऱ्या सगळ्या त्रासाचं मूळ ती भाषाच आहे, तेव्हा सगळं नव्या भाषेत लिहून काढा, आणि आता तर एआय ते चुटकीसरशी करून देईल. त्रास होतो हे मला पूर्ण मान्य आहे. बाकीचं नाही.

त्रास कसला, ते आधी सांगतो. कोबोलच्या जुन्या मांडणीत ओळीतल्या ७२व्या अक्षरापुढे लिहिलेलं कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, कोड म्हणून धरतच नाही. ‘अमुक असेल तर हे करा’ अशी अट, म्हणजे इफ, कुठे संपते हे सांगणारं एंड-इफ १९८५च्या मानकात आलं. त्याआधी इफ संपायचा पूर्णविरामाने. मधल्याच एखाद्या ओळीवर चुकून टिंब पडलं की खालच्या ओळी अटीबाहेर जातात आणि दर वेळी चालतात. कंपायलर हूं की चूं करत नाही. हजारो ओळींत ते टिंब शोधून जो वैतागतो, त्याला कच्चा ठरवणं अन्यायाचं आहे.

‘भाषा मेली आहे.’ नाही. १९५९ साली आखणी सुरू झालेल्या कोबोलचं ताजं आयएसओ मानक २०२३चं आहे. फोरट्रान ही भाषा तर १९५७ची, आणि आजही असंख्य वैज्ञानिक आकडेमोडी तिच्यात लिहिलेल्या लॅपॅक या गणिती प्रोग्रॅमसंचावर चालतात.

‘त्रासाचं मूळ भाषाच.’ वाक्यरचना महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. त्यानंतर गाठ पडते ती अशा ओळीशी: ग्राहकाचा प्रकार ७ असेल तर व्याज वेगळं काढा. वाचायला अगदी सोपी. पण ७ म्हणजे कोण, हा नियम कुणी घालायला सांगितला, असे ग्राहक आज उरलेत का? कागद नाहीत, कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट नाहीत, लिहिणारा निवृत्त झालेला. ही ओळ जावात असती तरी आपण इतकेच अडलो असतो. पायथॉन तर आधुनिक भाषा ना? तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ५ भागिले २ केलं की २ यायचे, तिसरीत अडीच येतात. दुसरीचा अधिकृत आधार २०२०च्या सुरुवातीला संपला, आणि टेस्ट नसलेला कोड हलवताना लोकांना असाच घाम फुटला.

‘नव्याने लिहून काढा.’ सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. कोबोलमध्ये हिशेबाच्या ओळीत ‘राउंडेड’ हा शब्द लिहिला नाही तर जास्तीचे दशांश सरळ छाटले जातात. नव्या प्रोग्रॅममध्ये कुणी सवयीने पूर्णांकन केलं, किंवा पैशासाठी फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारी पद्धत, वापरलं, की लाखो खात्यांत शेवटच्या अंकाचा फरक पडतो आणि हिशेब जुळत नाही. छाटणं ही जुनी चूक होती की ठरवून घेतलेला निर्णय, हे सांगायला कुणी नसतं. सिस्टीम बदलण्याची घाई किती महाग पडते ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेने दाखवलं. एप्रिल २०१८ मध्ये तिने सगळ्या ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टीमवर हलवला आणि लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. तिथे प्रश्न भाषेचा नव्हताच. स्थलांतराची जोखीम नीट सांभाळली गेली नाही, यासाठी तो दंड होता.

‘एआय करून देईल.’ कोडचा एखादा तुकडा काय करतो हे समजून घ्यायला त्याची चांगली मदत होते, ती जरूर घ्यावी. पण प्रकार ७चं कारण कोडमध्ये लिहिलेलंच नाही. ते त्याला कुठून मिळणार?

जुनी सिस्टीम बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. बदला, पण तुकड्यातुकड्याने. आधी जुन्या प्रोग्रॅमचे खरे इनपुट आणि आउटपुट साठवून त्यांच्या टेस्ट करा. मग नवा तुकडा जुन्याबरोबर समांतर चालवा, वर्षअखेरीचा हिशेबही त्यातून जाऊ द्या, आणि आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले की मगच जुना बंद करा. यासाठी जुन्या कोडवर बसलेल्या माणसांना वेळ द्यावा लागतो. आज त्यांना फक्त बग मिटवण्यापुरता वेळ मिळतो, आणि टेस्ट लिहायला मागितला तर ‘हे सगळं लवकरच जाणार आहे’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं.