फ्लोट ठेवा, फॉरमॅट लावा म्हणे… आन पट्टी कोण जुळवणार?

बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पोरांत सध्या एक मेसेज फिरायलाय, "किमतीचा कॉलम फ्लोट ठेवा, हिशोब झाला की फॉरमॅट लावून दोन दशांश दाखवा, राउंडिंगची कटकट संपली, पैशा-दोन पैशानं कुणाचं काय जातंय." लातूरच्या मोंढ्यात आडतीचं सॉफ्टवेअर देणारे पण हेच पुढं ढकलायलेत, म्हणून एकदा नीट बघू.

फ्लोट चालतंय? फ्लोट म्हणजे अपूर्णांक अंदाजानं साठवणारा आकड्याचा प्रकार. साधा फ्लोट चार बाइटचा, सातेक आकडे नीट धरतो, पुढचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. सिझनमध्ये एका व्यापाऱ्याच्या खात्यावर 1234567.89 झाले समजा, तर आत जाऊन बसतात 1234567.875, आन दोन दशांशाला राउंड केलं की 89 च्या जागी 88 पैसे. डबल, म्हणजे आठ बाइटचा फ्लोट, घेतलं तर चूक लहान होते, जात नाही. डबलमधला 1.005 हा खरं तर 1.005 पेक्षा किंचित कमी असतो म्हणून कित्येक ठिकाणी राउंड करून 1.00 च येतो, डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश आकडे जसेच्या तसे साठवणाऱ्या प्रकारात, 1.01 येतो. पैशाला डेसिमल, विषय संपला.

आता फॉरमॅट, खरा घोळ इथंच आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसचं फॉरमॅट फंक्शन आकडा देतच नाही राव, स्वल्पविराम घातलेला मजकूर देतं. त्याच्यावर सॉर्ट लावलं की 1,200.00 हे 950.00 च्या आधी येतं, कारण अक्षरं बघितली जातात आन 1 हा 9 च्या आधी. बेरीज लावली तर अजून भारी, '1,234.50' वाचताना स्वल्पविरामापाशी थांबतं आन फक्त 1 धरतं! एक वॉर्निंग येते तेवढी, ती वाचतंय कोण. वर काहीच सांगितलं नाही तर 1,234,567 असे इंग्रजी गट पडतात, 12,34,567 नाही, मुनीमजी पहिल्या दिवशीच विचारतील हे काय म्हणून. फॉरमॅट प्रिंट काढताना लावा, व्ह्यूमध्ये (जतन करून ठेवलेल्या क्वेरीत) किंवा मधल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडं माहिती मागायच्या आदेशात, कामून घालता?

"पैशानं काय जातंय" वाल्यांसाठी: 5 टक्के जीएसटीची 12.50 ची वस्तू घ्या. उदगीरहून कर्नाटकात बीदरला विकली तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी) 0.625, म्हणजे 0.63. तीच उदगीरातच विकली तर केंद्राचा सीजीएसटी आन राज्याचा एसजीएसटी अडीच-अडीच टक्के, दोन्हीकडं 0.3125, राउंड होऊन 0.31 आन 0.31, एकूण 0.62. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या रिपोर्टनं 5 टक्के एकदम लावून बघितलं की फरक दिसणार, आन शे-दोनशे ओळींचं बिल असलं की पैशाचे रुपये व्हायला वेळ लागत नाही. तशाच 12.50 च्या तीन ओळी, ओळीवर राउंड केलं तर आयजीएसटी 1.89, बेरजेवर केलं तर 1.88. कुठं राउंड करायचं ते एकदा ठरवा आन राउंड झालेली रक्कमच साठवा, छापील पावतीचा आकडा परत मोजत बसू नका.

राउंड सगळीकडं सारखंच, हे पण मेसेजच्या खाली कुणीतरी चिकटवलंय. नाही! मायएसक्यूएलमध्ये डेसिमल 2.5 चा राउंड 3, पण तोच आकडा फ्लोट-डबल असला तर बऱ्याच मशीनवर 2. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत राउंडला 2.5 दिला तरी 2 च. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस डबलवर दोन दशांशाचा राउंड करूच देत नाही, सरळ एरर, आन मला तेच आवडतं. इकडं सीजीएसटी कायद्याचं कलम 170 म्हणतं रक्कम जवळच्या रुपयाला, 50 पैसे किंवा जास्त असले तर वरचा रुपया. म्हणजे अडीचचे तीनच.

मेसेजमधलं एक खरंय, हिशोबाच्या मधेच उठसूट राउंड करू नये. त्यासाठी दराचा कॉलम चार दशांशाचा ठेवा, रकमेचा दोनचा. आन 1000 रुपये भाडं तीन शेतकऱ्यांत वाटलं तर 333.33 गुणिले तीन 999.99 होतात, तो उरलेला पैसा कुणाच्या पट्टीवर (शेतकऱ्याला देतात त्या हिशोबाच्या चिठ्ठीवर) टाकायचा ते आडत्याला आधीच विचारून घ्या, डेटाबेस काही सांगणार नाही.