‘दहा मिनिटांत पास करा’ म्हणणाऱ्यांसाठी: डिस्प्ले डिव्हाइसचा मायग्रेशन कोड असा तपासत नाहीत

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपमागून ग्रुपवर फिरतोय. व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) एका होस्टवरून, म्हणजे एका खऱ्या संगणकावरून, दुसऱ्यावर हलवताना, म्हणजेच मायग्रेशन करताना, डिस्प्ले डिव्हाइसचा स्टेट (त्या क्षणाची स्थिती) सेव्ह करणारा जो कोड असतो, त्याचा रिव्ह्यू दहा मिनिटांत उरका, असं त्यात म्हटलंय. कारणं पाच दिली आहेत. पडदा म्हणजे नुसते पिक्सेल, ते गेस्ट (मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम) पुन्हा काढतोच. नवं फील्ड घातलं तर व्हर्जनचा आकडा वाढवला की झालं. स्ट्रीम (पाठवलेल्या बाइट्सचा ओघ) आपल्याच क्यूएमूकडून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येतो, तो तपासायचा कशाला? गोंधळ वाटला तर अख्खं स्ट्रक्ट (कोडमध्ये एकत्र बांधलेली फील्ड्स) बफर म्हणून, जसंच्या तसं पाठवा. आणि एकदा मायग्रेशन चालवून पडदा दिसला की तोच पुरावा.

आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने हा मेसेज दाखवून विचारलं, की मग पॅचवरच्या (कोडमध्ये सुचवलेल्या बदलावरच्या) तुमच्या हरकती कशासाठी आहेत? तिने विचारलं ते बरंच केलं. न विचारता पॅच पास करणारे किती असतील, याची मला जास्त काळजी वाटते.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो: ‘व्हर्जनचा आकडा वाढवा, झालं.’

क्यूएमूमध्ये प्रत्येक डिव्हाइसचं एक व्हीएमस्टेट वर्णन असतं. कोणती फील्ड्स, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या व्हर्जनपासून पाठवायची, ते त्यात लिहिलेलं असतं. डिव्हाइसच्या सेक्शनच्या सुरुवातीला व्हर्जन-आयडी स्ट्रीममध्ये जातो. तो १ चा २ केला आणि मिनिमम-व्हर्जन-आयडी (वाचायला चालेल असा सगळ्यात जुना आकडा) १ च ठेवला, तर नवं क्यूएमू जुना स्ट्रीम वाचतं. जुनं क्यूएमू मात्र २ दिसताच नकार देतं. निम्म्या होस्टवर अपग्रेड झालंय आणि निम्म्यांवर बाकी आहे, अशा क्लस्टरमध्ये याचा अर्थ एवढाच की नव्या होस्टवर गेलेली मशीन परत आणता येत नाही. अपग्रेड फसलं तर मागे फिरायची वाट तुम्हीच बंद केलेली असते.

आणि ही झाली वरच्या पातळीची, त्यातल्या त्यात बरी स्थिती. एका स्ट्रक्टच्या पोटात दुसरं स्ट्रक्ट असेल, तर त्या आतल्या वर्णनाचा व्हर्जन-आयडी स्ट्रीममध्ये लिहिलाच जात नाही. वाचणारी बाजू स्वतःच्या कोडमधला आकडा खरा धरते. त्यामुळे आतल्या वर्णनात ‘हे फील्ड व्हर्जन २ पासून’ असं लिहिणं जुन्या स्ट्रीमसाठी निरुपयोगी ठरतं. नवं क्यूएमू ते फील्ड वाचायला जातं, आणि ते तिथे नसल्यामुळे त्यामागून येणारे बाइट्स त्या जागी भरतं.

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. व्हर्टआयओ-जीपीयू या क्यूएमूतल्या आभासी ग्राफिक्स कार्डात २०२४ साली नेमकं असंच झालं. रिसोर्स म्हणजे गेस्टने कार्डात तयार केलेला चित्राचा साठा. ब्लॉब प्रकारच्या (नुसता मेमरीचा तुकडा असलेल्या) रिसोर्सला पिक्समॅन या चित्र-लायब्ररीची इमेज नसते. असा रिसोर्स स्कॅनआउटला (कार्डाच्या एका पडद्याला) जोडलेला असताना मायग्रेशन केलं, तर लोड झाल्यानंतरच्या टप्प्यात क्रॅश व्हायचा. दुरुस्ती म्हणून प्रत्येक स्कॅनआउटच्या वर्णनात फ्रेमबफरची (पडद्याचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीची) सहा फील्ड्स आली: फॉरमॅट, पिक्सेलमागे बाइट्स, रुंदी, उंची, स्ट्राइड (एका ओळीचे बाइट्स) आणि ऑफसेट (सुरुवातीची जागा). दुरुस्ती गरजेचीच होती, वर्णनाचा आकडाही १ चा २ केला होता. तरीही जुन्या आणि नव्या आवृत्त्यांमधलं मायग्रेशन दोन्ही दिशांनी मोडलं, कारण हे वर्णन आतलं होतं. सहा फील्ड्स, प्रत्येकी चार बाइट्स, म्हणजे दर स्कॅनआउटमागे वाचन २४ बाइट्सनी सरकतं.

मग त्याच लेखकाला दुसरा पॅच द्यावा लागला. आतल्या स्ट्रक्टचे व्हर्जन स्ट्रीमच्या रचनेत येत नाहीत, हे त्याच्या नोंदीत स्पष्ट लिहिलंय. उपाय असा केला की ‘एक्स-स्कॅनआउट-व्हीएमस्टेट-व्हर्जन’ नावाची प्रॉपर्टी आणली. ती एरवी २ असते, क्यूएमू ८.२ आणि त्याआधीच्या मशीन टाइपसाठी (गेस्टला दिसणाऱ्या, आवृत्तीला बांधलेल्या हार्डवेअरच्या रचनेसाठी) कम्पॅट यादीतून, म्हणजे जुनं वर्तन टिकवणाऱ्या यादीतून, १ होते. ती सहा फील्ड्स पाठवायची की नाही, हे आता या प्रॉपर्टीवर ठरतं. वर्षानुवर्षं हाच कोड सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून हे निसटलं, आणि मेसेजवाले दहा मिनिटं पुरेत म्हणतात.

अशा वेळी चालू मशीन सहसा सोर्स होस्टवर चालू राहते, फक्त मायग्रेशन फसतं. स्टेट फाइलमध्ये सेव्ह करून मशीन बंद ठेवली असेल तर मात्र ती कुठेच चालू नसते, आणि नव्या क्यूएमूला ती फाइल वाचता येत नाही. हा फरक मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नाही.

म्हणून नवं फील्ड दिसलं की मी तीन गोष्टी विचारतो. हे वर्णन वरचं आहे की आतलं? मशीन टाइपची कम्पॅट ओळ पॅचमध्ये आहे का? आणि सबसेक्शन (वर्णनाला जोडलेला ऐच्छिक भाग) का नाही? सबसेक्शनला स्वतःचं नाव आणि व्हर्जन असतं आणि ‘नीडेड’ फंक्शनने हो म्हटलं तरच तो जातो. व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या एंडियनचा (बाइट्सच्या क्रमाचा) सबसेक्शन बघा: फ्रेमबफरची बाइट-रचना मूळ रचनेपेक्षा वेगळी असेल तरच पाठवला जातो, त्यामुळे बहुतेक मशीन जुन्या क्यूएमूवर बिनबोभाट उतरतात. ‘नीडेड’ मध्ये नुसतं ‘ट्रू’ परत केलं असेल तर सबसेक्शनचा फायदाच संपला. ज्या क्यूएमूला तो सबसेक्शन माहीत नाही, ते लोड नाकारतं.

‘पडदा म्हणजे नुसते पिक्सेल, गेस्ट पुन्हा काढतोच.’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. व्हीजीए किंवा सिरस या जुन्या कार्डाची व्हिडिओ मेमरी रॅमच्या पानांबरोबर जाते, तिला वेगळं फील्ड लागत नाही. होस्टच्या बाजूचं चित्र पुन्हा रंगवायला लोड झाल्यावर ‘ग्राफिक-मोड’ उणे एक केला जातो, त्याने पूर्ण रिफ्रेश होतो. इतर गोष्टींवरून काढता येणारी किंमत पाठवू नये, हेही बरोबर.

पण गेस्टला आपण हललोय हे कळतच नाही, मग तो पुन्हा काढेल कशाला? व्हर्टआयओ-जीपीयूचा ड्रायव्हर रिसोर्स एकदा तयार करतो आणि नंतर फक्त बदललेला भाग पाठवतो. रिसोर्सची यादी हरवली तर पुढच्या ट्रान्सफरला ‘चुकीचा रिसोर्स आयडी’ हे उत्तर येतं, आणि गेस्टच्या समजुतीप्रमाणे तो रिसोर्स अजून जिवंत असतो. टू-डी रिसोर्सच्या पिक्सेलची कार्डाकडची प्रत होस्टच्या मेमरीत असते, गेस्टच्या रॅममध्ये नाही, म्हणून ती डिव्हाइस स्टेटमध्येच लिहावी लागते. १९२० × १०८० चा, पिक्सेलला ४ बाइट्सचा एक रिसोर्स म्हणजे ८२,९४,४०० बाइट्स. असे चार असतील तर एक गिगाबिटच्या लिंकवर पाव सेकंदाहून जास्त वेळ जातो, तोही मशीन थांबलेली असताना. क्यूएमूची डाउनटाइमची ठरलेली मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे. रिव्ह्यूत हा हिशेबही करायचा असतो.

जुन्या व्हीजीएत तर आणखी बारीक गोष्टी आहेत. ०एक्स३सी० या पोर्टवर एक राइट इंडेक्ससाठी आणि दुसरा डेटासाठी असतो. कोणाची पाळी आहे ते एका फ्लिप-फ्लॉपमध्ये असतं. पॅलेटचा एक रंग तीन राइट्समध्ये येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या राइटच्या मधे मशीन थांबली आणि हा अर्धवट स्टेट गेला नाही, तर पुढचे सगळे रंग सरकतात. म्हणून ७६८ बाइट्सच्या पॅलेटबरोबर डॅकचा (रंग ठरवणाऱ्या भागाचा) सब-इंडेक्स आणि तीन बाइट्सचा कॅशही पाठवलेला दिसतो. ‘हे कशाला?’ म्हणून ही फील्ड्स काढणारा पॅच आला तर तिथेच थांबवा.

‘स्ट्रीम आपल्याच क्यूएमूकडून येतो.’ सीव्हीई-२०१३-४५३८ ही सुरक्षा-दोषाची नोंद वाचा. एसएसडी०३२३ हा लहानसा ओलेड कंट्रोलर आहे, पिक्सेलला चार बिट, फ्रेमबफर १२८ × ८० चा, म्हणजे ५,१२० बाइट्स. त्याचं लोड फंक्शन कमांडची लांबी, ओळ, स्तंभ आणि त्यांच्या सुरुवात-शेवटाच्या मर्यादा स्ट्रीममधून उचलून तशाच वापरायचं. मग गेस्टचा पुढचा राइट त्याच ओळ-स्तंभाने फ्रेमबफरमध्ये लिहायला जातो. आकडा बाहेरचा असेल तर तो क्यूएमूच्याच मेमरीत दुसरीकडे लिहितो. मुद्दाम बनवलेल्या सेव्ह फाइलने होस्टवर कोड चालवता येण्याची शक्यता त्या नोंदीत मांडलेली आहे. त्याच सुमाराला कितीतरी डिव्हाइसेसमध्ये हाच दोष सापडला.

सेव्ह केलेली फाइल बाहेरून आलेली असू शकते, सोर्स होस्ट कुणाच्या ताब्यात गेलेला असू शकतो. म्हणून जो आकडा पुढे इंडेक्स, लांबी किंवा मागवायच्या मेमरीचा आकार म्हणून वापरला जाणार आहे, तो लोडच्या वेळीच तपासायचा आणि बाहेरचा असेल तर एरर परत करायचा. असर्ट (अट मोडली की अख्खा प्रोग्रामच बंद पाडणारी तपासणी) टाकायचा नाही.

‘अख्खं स्ट्रक्ट बफर म्हणून पाठवा.’ स्ट्रक्टमध्ये पॉइंटर असतात, कंपायलरचं पॅडिंग असतं, होस्टची बाइट-रचना असते. दुसऱ्या होस्टवर यातलं काहीच तसं राहील याची हमी नाही. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

‘चालवून बघितलं, पडदा दिसला.’ क्यूएमूच्या एकाच बायनरीतून (तयार प्रोग्राममधून) त्याच बायनरीत मायग्रेशन केलं तर वरच्या २४ बाइट्सचा दोष कधीच दिसत नाही. दोन्ही बाजू सारखंच चूक धरून चालतात. मशीन टाइप जुना आणि दोन्हीकडे एकच द्या, उदाहरणार्थ ८.२ चा क्यू३५. मग जुन्याकडून नव्याकडे आणि नव्याकडून जुन्याकडे, दोन्ही फेऱ्या करा. लॉगिन पडद्यावर उभ्या मशीनने भागत नाही. डेस्कटॉप चालू हवा, कर्सर हलता हवा, दोन स्कॅनआउट हवेत, ब्लॉब चालू असेल तर तोही हवा.

दोन्ही बायनरींना ‘डम्प-व्हीएमस्टेट’ हा पर्याय देऊन मिळालेल्या फाइल्स व्हीएमस्टेट-स्टॅटिक-चेकर स्क्रिप्टने जरूर ताडून पाहा. फक्त त्यावर विसंबू नका. व्हर्टआयओ-जीपीयूचा रिसोर्स आणि स्कॅनआउटचा भाग हाताने लिहिलेल्या गेट आणि पुट फंक्शनमधून जातो, आणि त्यांच्या आत काय लिहिलं जातं ते त्या डम्पमध्ये येत नाही. तिथे सेव्ह आणि लोड शेजारी-शेजारी उघडायचे आणि प्रत्येक पुटसमोर त्याचा गेट आहे का, तेवढ्याच बाइट्सचा आणि त्याच क्रमाने आहे का, हे ओळ न् ओळ जुळवायचं.