६४ चे ६५ होत नाहीत : चौरसाच्या कोड्याबाबत खुलासा

८ बाय ८ चा चौरस चार तुकड्यांत (दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन) कापून ते ५ बाय १३ च्या आयतात मांडले की क्षेत्रफळ ६४ वरून ६५ होते आणि भूमिती खोटी ठरते, हा फिरत असलेला दावा चुकीचा आहे. त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा चढ ३/८ आहे, तर समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा २/५, म्हणजे ०.३७५ आणि ०.४, त्यामुळे आयताचा कर्ण म्हणून दाखवली जाणारी रेघ मुळात सरळ नसतेच. तिच्या जागी अतिशय चिंचोळी, समांतरभुज चौकोनाच्या आकाराची फट राहते आणि तिचेच क्षेत्रफळ नेमके १ भरते. चौरस ८ सेंटीमीटरचा घेतला, तर ही फट कुठेही सव्वा मिलिमीटरइतकीही रुंद नसते. चित्रातली जाड रेघ (हीच खरी हातचलाखी) ती सहज झाकून टाकते.