उपचारांना दोनच ओळी?
लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीवरच्या लेखात पुरावे कसे गोळा करायचे हे सविस्तर आलंय, पण उपचारांची दोन ओळींत बोळवण केलीय, ते खटकलं. खरी घाई तिथेच असते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. मळमळीला कंटाळून काहीजण ती मध्येच सोडतात, त्यामुळे डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गर्भधारणा टाळण्याची गोळी ५ दिवसांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा तिचा भरवसा कमी. तांबी (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) जास्त खात्रीची. हिपॅटायटिस बीची लस आणि जखम असेल तर धनुर्वाताची, हेही आलंच.

आणखी एक. अंगावर जखमा नाहीत म्हणजे काही घडलंच नाही, असं म्हणणारे अजून भेटतात (चांगले शिकलेलेसुद्धा!). भीतीने अनेकदा शरीर गोठतं, प्रतिकार होत नाही. योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) बघून तर काहीच सिद्ध होत नाही. कौमार्य चाचणी बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय. तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर संमती विचारायची, आणि तपासणीला नकार दिला तरी उपचार अडवायचे नाहीत.